मदत हवी आहे : गोचीड निघत नाही, कशी काढावी?

तापीकाठ : कालपासून चिकटलेली गोचीड निघत नाही. सकाळी नखांत धरून ओढून पाहिली, तर नुसती कातडी वर ताणली गेली. मसुरीच्या दाण्याएवढी, करडी आहे. चोपड्याला जायला संध्याकाळ होईल, तोवर काय करावे ते कृपया लवकर सांगा.

रावेरकर : पशुवैद्यकाने दिलेले औषध सांगितलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळून म्हशीच्या अंगावर लावावे. गोठ्याच्या भिंतींच्या फटीही सोडू नयेत, कारण गोचीड अंडी जनावराच्या अंगावर नव्हे, तर खाली पडून अशा जागी घालते.

धुळेकर : म्हशीचा उल्लेख मूळ प्रश्नात कोठेही नाही. तापीकाठ, गोचीड कोणाला चिकटली आहे, नेमकी कोठे, आणि ताप आहे का?

तापीकाठ : मुलाला, कानामागे. सात वर्षांचा आहे, ताप नाही. गोठ्यात कुत्र्याबरोबर खेळत होता. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यातही दोन आहेत, त्या एरंडीच्या बियांसारख्या टम्म फुगल्या आहेत.

शहादा_शेती : रॉकेलचा बोळा दाबून धरा. आमची आजी हेच करीत असे आणि आम्हाला कधी काही झाले नाही.

धुळेकर : आजींचा मान राखूनही सांगतो, मुलाच्या कानामागे रॉकेल, चुना, तेल किंवा जळती काडी यांतले काहीही लावू नका. गोचीड अशाने लगेच सुटत नाही, उलट डिवचली गेली तर तिच्या तोंडातील द्रव जखमेत उतरण्याची भीती असते. काटा काढण्याचा बारीक टोकाचा चिमटा घ्या, फुगलेले पोट न दाबता कातडीला अगदी लागून तिचे तोंड पकडा आणि न पिळता, हिसका न देता, एकाच संथ जोराने सरळ वर ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिलाच आणि चिमट्याने सहज निघाला नाही, तर सुईने कोरू नका. कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. नंतर जागा आणि हात साबणाने धुवा.

रावेरकर : काढलेली गोचीड नखावर चिरडू नका, ही सवय आपल्या गावोगावी आहे. शेजारच्या गुजरातेत 2011 साली आढळलेला क्रिमियन-काँगो ताप गोचिडीच्या चाव्याने तसाच ती हाताने चिरडल्यानेही होऊ शकतो.

शहादा_शेती : हे मला माहीत नव्हते. मांजर पाळणाऱ्यांसाठीही सांगतो, पर्मेथ्रीन असलेले कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका, तिच्या जिवावर बेतते.

तापीकाठ : निघाली. दुसऱ्या प्रयत्नात अख्खी आली, पाय हलत होते. स्पिरिटच्या बाटलीत बंद केली आहे. आता कुत्र्याच्या दोन्ही काढतो, हातमोजे घालूनच.

धुळेकर : बाटलीवर आजची तारीख लिहा. पुढील काही आठवड्यांत मुलाला ताप, अंगदुखी किंवा पुरळ आले, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.