कणेकर कुठल्या कपाटात?

ओसरीवरची:
परवा आईला घेऊन बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. यंत्र तिचा अंगठा काही घेईना. "भांडी घासून घासून रेषाच उरल्या नाहीत रे," असं ती काउंटरवरच्या मुलाला समजावत होती. थोडा वेळ बसा म्हणाला. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा, ऐकू कमी येत असणार, फोन पूर्ण आवाजात. लेखक शिरीष कणेकरांची 'माझी फिल्लमबाजी', त्यांचा तो एकपात्री कार्यक्रम. रखवालदार आवाज कमी करायला सांगायला म्हणून आला आणि खांबाला टेकून तिथेच उभा राहिला. आईचा नंबर पुन्हा पुकारला तर ही म्हणते, "थांब गं, एवढं संपू दे."

आणि मला आमच्या वाचनालयातले काका आठवले. त्यांच्याकडे कपाटांवर चिठ्ठ्या होत्या: क्रीडा, चित्रपट, विनोदी, चरित्र. कणेकर आले की काकांचं डोकं फिरायचं. 'क्रिकेटवेध' एका टोकाला, 'यादों की बारात' दुसऱ्या टोकाला, 'डॉ. कणेकरांचा मुलगा' चरित्रात, आणि बाकी सगळे विनोदीत कोंबलेले. "या गृहस्थाला एकच काहीतरी लिहायला काय होतं?" म्हणायचे. आमच्या कार्डावर दोनच पुस्तकं मिळायची. बाबांना क्रिकेट, आईला सिनेमा, दादाला हसायला हवं. मी सगळ्यात धाकटी, मला काय हवं ते कुणी विचारायचंच नाही, म्हणून मी घरी येतायेता रस्त्यातच वाचायची. एकदा वाचत वाचत उघड्या गटारात गेले. पुस्तक वर धरलेलं होतं, ते कोरडं राहिलं.

२५ जुलै २०२३ ला कणेकर गेले, तेव्हा लिहीन लिहीन म्हणून राहूनच गेलं. तुमच्या घरात कुठल्या कपाटातले कणेकर होते? लिहा.

बारावा गडी:
क्रीडा. चर्चा बंद.

मुगाची उसळ:
चित्रपट!! आई दिलीपकुमारची भक्त, कणेकरही दिलीपकुमारचे भक्त, त्यामुळे त्यांचं लिखाण आमच्याकडे पोथीसारखं वाचलं जायचं. लताबद्दल तर बोलायलाच नको. बाबा मुकेशवाले. घरात यावरून अबोला झालेला मी पाहिलाय. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की येते.

वाटाणा:
गटारात पाय गेला तरी पुस्तक कोरडं हे एक नंबर. माझं उलटं झालं असतं.

सांगलीकर:
आमचे कणेकर कॅसेटमधले. चुलतभावाच्या लग्नाची वऱ्हाडाची बस, ड्रायव्हरकडे दोनच कॅसेट, एक भक्तिगीतांची आणि एक ही. घाटाच्या आधी भक्तिगीतं लावली, घाट सुरू झाल्यावर म्हणाला आता झोप यायला नको. हिंदी सिनेमातल्या ठरीव गोष्टींची ती खिल्ली, आणि त्यात कणेकरांचा तो आवाज, म्हणजे समोरच्याला सगळं माहीतच आहे असं धरून चालणारा. नवरदेवाचे मामा इतके हसले की कवळी खिडकीबाहेर. गाडी थांबवून बॅटरीने शोधली. सापडली. धुवून लावली. लग्नात तेच सगळ्यात जास्त जेवले.

ओसरीवरची:
सांगलीकर, मी रिक्षात वाचतेय, रिक्षावाला मागे वळून बघतोय.

तळटीप:
मी जरा वेगळं लिहितो, चपला तयार ठेवा. ओळीने सात-आठ पुस्तकं वाचली की तेच किस्से, तेच टोले परत भेटतात. सदरांची पुस्तकं केली की हे व्हायचंच. बायकोवरचे विनोद तर आता मला वाचवत नाहीत, तेव्हा मीच मित्रांना वाचून दाखवायचो हेही कबूल करतो. पण विस्मरणात गेलेल्या नटावर किंवा गायकावर लिहायला बसला की हाच माणूस थट्टा बाजूला ठेवायचा. तिथे शेवटच्या दोन ओळी वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागायचं. एकाच माणसाचे हे दोन हात कसे, याचं मला अजून नवल वाटतं.

मुगाची उसळ:
तळटीप, बायकोवरच्या विनोदांबद्दल शंभर टक्के. आईसुद्धा ती पानं उलटायची. भात झाला, आमटी राहिलीय.

नवा वाचक:
यातलं कुठलं पुस्तक पीडीएफमध्ये आहे का कुणाकडे?

बारावा गडी:
विकत घ्या हो. निदान वाचनालयात तरी जा.

वाटाणा:
मी एकाला कणेकर वाचायला दिले होते, १९९८ मध्ये. तो इथे असेल तर त्याला कळेल मी कुणाबद्दल बोलतोय. राग नाही. फक्त परत दे.

साठीपार:
क्रीडावाल्यांनी द्वारकानाथ संझगिरींना विसरू नये. हे दुसरे न मावणारे गृहस्थ. क्रिकेट, सिनेमा, गाणी, प्रवास सगळं लिहिलं, आणि नोकरी काय, तर मुंबई महापालिकेत इंजिनिअर, पाणी खात्यात! 'एकच षटकार' हे क्रिकेटचं नियतकालिक आठवतं का? संपादक क्रिकेटपटू संदीप पाटील. आमच्या ऑफिसात एकच अंक यायचा. साहेबांच्या टेबलावरून निघून शिपायापर्यंत पोचेस्तोवर मधली पानं गळालेली असायची. ६ फेब्रुवारी २०२५ ला संझगिरीही गेले.

बारावा गडी:
साठीपार, बरोबर. आता क्रीडा कपाट का ते सांगतो. २४ ऑगस्ट १९७१, ओव्हल, इंग्लंडविरुद्धची कसोटी. त्या दिवशी गणेश चतुर्थी, आणि तिकडे मैदानावर बेला नावाची हत्तीण आणलेली. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी काढले होते. आमच्याकडे संध्याकाळची आरती चालू आणि देवघराशेजारी रेडिओ. आबिद अलीने विजयी चौकार मारला तेव्हा आजोबांनी टाळ माझ्या काकांच्या हातात दिला आणि अंगणात पळाले. आरती काकांनी एकट्याने पुरी केली, ते आयुष्यभर ऐकवत राहिले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण वडिलांनी कणेकर वाचून दाखवायचे आणि मधेच थांबून हे सांगायचं, असं इतक्यांदा झालं की कुठलं पुस्तकातलं आणि कुठलं घरातलं, मला आता वेगळं करता येत नाही. आकडे कुठेही मिळतात हो. चिडलेला, रुसलेला, संघातून काढलेला खेळाडू मला कणेकरांकडे भेटला.

सांगलीकर:
आणि १९८३ च्या विश्वचषकातला टनब्रिज वेल्सचा सामना? १७ ला ५ गेलेले, कपिल नाबाद १७५, आणि चित्रीकरणच नाही. ज्यांनी तो डाव बघितला नाही, त्यांनी तो वाचूनच बघितलाय.

बारावा गडी:
किरमाणीला विसरू नका. नाबाद २४, दुसऱ्या टोकाला उभा राहिला म्हणून १७५ झाले.

वाटाणा:
झालं. आता धागा रात्रभर टनब्रिज वेल्समध्येच राहणार.

पोटमाळा:
मला पाचवं कपाट हवंय, इतिहास. हिंदी सिनेमाचा इतिहास म्हणून मी ही पुस्तकं वाचली. ती वाचून आजोबांना एकेक नाव विचारायचे आणि ते पुढचं सांगायचे. नट भगवानदादा त्यांच्याकडूनच कळले. १९५१ चा तो एक प्रचंड चाललेला सिनेमा, जुहूला बंगला, दाराशी गाड्या, आणि मग परत दादरची चाळ. आजोबा म्हणायचे, गणपतीत मिरवणूक त्यांच्या दारात थांबायची आणि पोरं त्यांचा नाच त्यांनाच करून दाखवायची. हे राजांच्या इतिहासापेक्षा कमी आहे का?

निशिगंधा २:
बाबांना आता आम्ही कोण ते कळत नाही. तीन वर्षं झाली. संध्याकाळी फार अस्वस्थ होतात, घरी जायचंय म्हणतात, घरातच असताना. मावशीने सुचवलं म्हणून त्यांचंच जुनं पुस्तक वाचायला घेतलं, सिनेसंगीतावरचं. पानांच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने बरोबर, चूक, कधी नुसतंच "अरे वा" असं लिहून ठेवलंय. गाण्याचं नाव आलं की मी थांबते. बाबा चमचा खाली ठेवतात आणि संगीतकार सांगतात, "सी. रामचंद्र." कधी "मदनमोहन." एकदाही चुकलेले नाहीत. मग परत माझ्याकडे बघून विचारतात, "आपण कुठून आलात?" मी सांगते, दादरहून. त्यांना बरं वाटतं, ते तिथेच वाढले.

मुगाची उसळ:
निशिगंधा...

पोटमाळा:
पेन्सिलीतल्या त्या "अरे वा" चे फोटो काढून ठेव गं. पेन्सिल पुसट होते.

निशिगंधा २:
हो, काढते आजच.

साठीपार:
तलत मेहमूदची गाणी ऐकवून बघा त्यांना. मोठ्याने नको, हळू आवाजात. माझ्या थोरल्या बहिणीला त्याने शांत झोप लागायची.

तळटीप:
माझी वरची तक्रार अर्धी मागे घेतो. बायकोवरच्या विनोदांची अर्धी तशीच.

नवा वाचक:
पीडीएफ राहू दे. शनिवारी वाचनालयात जातो. कुठल्या कपाटात बघू?

ओसरीवरची:
सगळीकडे बघा, आणि नसलं तर परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर. काका शेवटी कंटाळून तिथेच ठेवायचे.

सांगलीकर:
ओसरीवरची, ते सगळं राहू दे, आईचा अंगठा लागला का शेवटी?

ओसरीवरची:
नाही हो. दहाही बोटं झाली. मग त्या मुलाने डोळ्यांचं यंत्र आणलं आणि त्यात झालं. आजोबा तोवर निघून गेले होते. आई रिक्षात बसल्यावर म्हणाली, पुढचा भाग कुठे लागतो ते विचारायचं राहिलं.