चाळिशीनंतर गाणं मरतं म्हणे. कुणाचं?

पाऊण मात्रा
परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. सार असं: माणसाची गाण्याची आवड १२ ते २५ या वयात शिजते. चाळिशीनंतर तो नवं काही ऐकत नाही, ऐकतो ती स्वतःच्या तरुणपणाची आठवण. अंगावर काटा येणं हा त्या वयातल्या रसायनांचा खेळ, तो ओसरला की गाणं म्हणजे भाजी चिरताना मागे चालू असलेला आवाज. खाली २१ अंगठे. टँकर येणार नाही या निरोपालाही आमच्याकडे एवढे येत नाहीत.

वय ५२, वाढले गिरगावातल्या चाळीत, आता गोरेगाव. 'भाजी चिरताना' कुणाला उद्देशून आहे ते कळतं मला.

१९८८-८९ची गोष्ट. काकाचा टू-इन-वन, ९० मिनिटांची कोरी कॅसेट, आणि रेडिओवर 'आपली आवड' लागली की मी पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसलेली. निवेदिकेचा आवाज यायच्या आत दाबायचं. एका गाण्याला हात चुकला आणि शेवटी 'यानंतर ऐक' एवढं भरलं गेलं. ते गाणं आज फोनवर स्वच्छ ऐकलं तरी संपल्यावर माझ्या डोक्यात 'यानंतर ऐक' वाजतंच. तेव्हा पोस्टवाल्याचं निम्मं खरं आहे. त्या गाण्यांबरोबर मी आमची चाळ ऐकते, सार्वजनिक नळासकट.

पण उरलेलं निम्मं? लहानपणी वडील षण्मुखानंद हॉलला शास्त्रीय गाणं ऐकायला न्यायचे आणि मी त्यांच्या मांडीवर झोपायचे. ख्याल म्हणजे मोठ्यांनी मुलांना बसवून ठेवायची शिक्षा, हे मत मी पुढे कित्येक वर्षं जपलं. ४४व्या वर्षी मैत्रिणीचा नवरा तापाने पडला म्हणून तिच्याकडे एक तिकीट उरलं, पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहातल्या मैफलीचं. विलंबित, म्हणजे संथ, एकताल. मात्रा बाराच, पण आवर्तन (तालाचा एक फेरा) सरायला जवळजवळ मिनिट. पहिली दोन आवर्तनं मी फ्रीजमध्ये काय शिल्लक आहे ते आठवत होते. मग कधीतरी लक्षात आलं, गाणाऱ्या बाई कुठेतरी लांब गेल्यात, त्यांना परत यायचंय, तबला पुढे चाललाय आणि जागा उरत नाहीये. समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) अलीकडच्या दीडेक मात्रेत माझ्या हातावरचे केस उभे राहिले. सम आल्यावर नाही, आधी.

विशीत हे झालंच नसतं. विशीत मी मिनिटभर कशाचीच वाट बघत नव्हते. काटा यायचा थांबत नाही हो, कुठे येतो ते बदलतं.

अवांतर: रात्री दहाला माईक बंद. मालकंस, दरबारी हे रात्री उशिराचे राग ऐकायच्या वेळेला आपण हॉलबाहेर रिक्षा शोधत असतो.

उलटी कॅसेट
ताई, लिहिता छान, पण तुमचा अनुभव पोस्टवाल्याच्याच बाजूने जातो.

मी नव्वदच्या दशकात दादरला एका कॅसेटच्या दुकानात बरीच वर्षं काउंटरवर होतो. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचे, आम्ही ती कॅसेटमध्ये भरून द्यायचो. (कायदेशीर होतं का, विचारू नये.) चाळिशीपुढच्या गिऱ्हाइकाची यादी वाचून मी त्याचं कॉलेजचं वर्ष सांगायचो. चुकलो तर दोन वर्षं इकडे तिकडे. एक गृहस्थ तीन वर्षांत चारदा तीच यादी घेऊन आले, दरवेळी आधीची कॅसेट झिजली म्हणून. मी म्हटलं, साहेब, दोन नवीन घालू का शेवटी, जागा उरतेय. म्हणाले, जागा राहू दे.

माझंही काही वेगळं नाही. ५८ पूर्ण. महिन्याचे पैसे भरून जगातली सगळी गाणी खिशात आहेत आणि मी ४० ऐकतो. वर्षाअखेरीला ॲप हिशोब दाखवतं तेव्हा लाज वाटते.

आणि तुमचा ख्याल. तो तुमच्या आजीपेक्षा जुना आहे. तुम्ही नव्याकडे गेलाच नाहीत, आणखी जुन्याकडे सरकलात. पन्नाशीत शास्त्रीय 'कळायला' लागणं हे चष्मा लागण्यासारखं आहे, आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांना लागतो. त्यात शहारा किती आणि 'आता आपण जाणकार' हे सुख किती, ते ज्याने त्याने बघावं.

पाऊण मात्रा
जाणकारीचं सुख? दादा, मला अजून राग ओळखता येत नाही. शेजारच्या खुर्चीतले काका माना डोलवतात त्यावरून समजून घेते.

आणि नवं म्हणजे मला नवं. तुमच्या गिऱ्हाइकाने शेवटच्या जागेत १९३० सालची तबकडी भरून घेतली असती तर ते त्याला नवं नसतं का झालं?

उलटी कॅसेट
घेतली नाही ना पण. तोच तर मुद्दा आहे.

डेसिबल
ऑडिओमेट्री करतो, दिवसभर लोकांचे कान तपासतो. 'हल्लीच्या गाण्यात शब्दच कळत नाहीत' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा दोष गायकात नसतो, आलेखात असतो. वयाबरोबर आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात. स, श, फ ही व्यंजनं तिथेच असतात. ती गेली की शब्दांची पेज होते, मागे वाद्यांची गर्दी असली तर फारच. ७८ आरपीएमच्या तबकडीत वरचं फारसं काही उमटायचंच नाही, शिवाय गाणं आधीच पाठ. त्यामुळे जुन्यात आपलं काही हरवलंय हे लक्षातच येत नाही. 'जुनं ते सोनं'मधलं थोडं सोनं कानातल्या मळाचं असतं. (हलके घ्या.)

काट्याबद्दल: मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने २०११ साली असे काटा येणारे लोक तपासले. डोपामीन (मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन) कळसाच्या क्षणी वाढतं, पण त्याच्या आधीच्या वाट बघण्याच्या काळातही वाढतं, आणि ते मेंदूच्या वेगळ्या भागात. पाऊण मात्रा, तुमची दीड मात्रा खोटी नाही. फक्त त्यात ज्याचं त्याने आपल्या आवडीचं, ओळखीचं संगीत आणलं होतं.

उलटी कॅसेट
ओळखीचं! ऐकलंत?

पाऊण मात्रा
ऐकलं. बंदिश ओळखीची नसली तरी सम ओळखीची असते, दादा. ती येणार हे माहीत असतं, कशी येणार ते माहीत नसतं.

सात-बाराची बदलापूर
काटा बघायचाय ना? सकाळी आमच्या लोकलच्या डब्यात या.

मी १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनला ऐकायला गेलेला माणूस आहे. पुढली १५ वर्षं हेच सांगत फिरलो, त्यापुढे कुठलंही गाणं फिकं. ४७व्या वर्षी बदलापूरला घर घेतलं, रोज दीड तास एका बाजूला. डब्यात भजनी मंडळ होतं. आधी मी कानात इअरफोनची बोंडं घालून बसायचो. एकदा फोनची बॅटरी गेली. शेजारच्या आजोबांनी टाळ हातात दिले, म्हणाले, नुसते धरा. ठाणे यायच्या आत मी वाजवत होतो. आता अभंग द्रुतला गेला आणि डबा एका ठेक्यात आला की मला जे होतं ते अंधेरीला झालं नव्हतं. तेव्हा मी ३० हजार लोकांत होतो की ५० हजार, कुणाला ठाऊक. इथे आम्ही १४ जण आहोत आणि एक गैरहजर असला तर ऐकू येतं.

उत्साह वयाने जात नाही, एकट्याने ऐकल्याने जातो. कानात बोंडं घातली तिथेच गाणं मेलं.

तिसरी घंटा
मी जाळीपलीकडच्या लेडीज डब्यात असते. तुमचा काटा मला दीड तास टोचतो.

टाळ ठीक. मृदंग ठीक. डब्याच्या पत्र्यावर हाताने ठेका धरणारा तो जो कुणी आहे, तो संगीतात कुठे बसतो? रात्री बाराला झोपून पाचला उठलेल्या बायका डोंबिवलीपर्यंत डोळा लावायचा प्रयत्न करत असतात. एकाचा आनंद म्हणजे दुसऱ्याचा आवाज, याच्यावर कुणी पोस्ट लिहीत नाही.

सात-बाराची बदलापूर
मोबाईलच्या स्पीकरवर रील लावणाऱ्यांना कुणी बोलत नाही. देवाचं नाव घेतलं की लगेच ध्वनिप्रदूषण. नियम रात्री १० ते सकाळी ६चा आहे. आमची गाडी ७.१२ची.

तिसरी घंटा
देवाला मध्ये आणू नका. माझ्या आजोबांनी २६ वाऱ्या केल्या, पायी. कुणाच्या कानाशी पत्रा बडवला नाही. रीलवाल्यांनाही मी बोलते, त्यातला एक तुमच्याच मंडळाचा आहे.

आणि विषय निघालाच आहे तर जागेचं बोला. अंबरनाथहून आधी उलटं बदलापूरला जाऊन, रिटर्न मारून येणारे दोन सभासद बाकड्यावर टाळ ठेवून आठ जागा अडवतात. माझे मिस्टर कुर्ल्यापर्यंत उभे. विचारलं तर 'इथे आमचं मंडळ बसतं'. जागेचा सातबारा तुमच्या नावावर आहे का?

डेसिबल
आयडी सार्थ झाला.

सात-बाराची बदलापूर
मिस्टरांना सांगा, एक अभंग म्हणा, जागा देतो. फर्स्टक्लासची हौस असेल तर पास काढा.

तिसरी घंटा
म्हणजे बसायला गायची परीक्षा! हे भजन आहे की ऑडिशन? आणि पास काढा हे मला सांगू नका, तुमच्यासारख्यांमुळेच...

खटक्यावर बोट
धागा भरकटून त्याचा काश्मीर झालेला आहे, तरी मूळ विषयावर बोलतो. वय २४, कल्याण. इथे सरासरी काढली तर मी ती अर्ध्यावर आणेन.

तुम्ही सगळे धरूनच चाललाय की तरुण असताना काटा फुकट मिळतो, भांडण फक्त पुढे टिकतो का याचं. मला येतच नाही. खरंच. मी दिवसाला ६०-७० गाणी ऐकत असेन. ऐकतो म्हणजे २० सेकंद, पुढे. काकूंच्या त्या कॅसेटवर एका गाण्याला जेवढं थांबणं आहे तेवढं माझ्या आख्ख्या महिन्यात नाही. सप्टेंबर २०२४मध्ये कोल्डप्ले बँडच्या तिकिटांसाठी ऑनलाइन रांगेत बसलो, नंबर सहा आकडी. जानेवारीत नेरुळला तिन्ही शो झाले, मी रील बघितली. सगळ्यात जास्त धडधड त्या रांगेतला नंबर खाली येताना झाली होती. गाण्याला नाही, नंबरला. मग म्हातारं कोण आहे इथे?

दुसरं. धारावीतला रॅप तुमच्या दादर-माटुंग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्या शहराची भाषा, आपल्या गल्लीचे हाल. तुमच्यापैकी कितीजणांनी एक आख्खं गाणं ऐकलंय? कान वगैरे सोडा, ऐकायलाच बसला नाहीत.

उलटी कॅसेट
बसलो होतो. अर्ध्यात उठलो. शिव्या तेवढ्या स्पष्ट ऐकू आल्या, त्यात स-श-फ कमी असावेत.

खटक्यावर बोट
आणि तुमच्या काळातल्या गाण्यांना तुमचे वडील काय म्हणायचे?

उलटी कॅसेट
'हा आवाज बंद कर.' बरं. हा एक गुण तुझा.

ऱ्हिदम हाऊस बंद झालं २०१६ला, काळा घोड्याचं गाण्यांचं दुकान. शेवटच्या दिवसांत मीही गेलो होतो. कधीकाळी तिथल्या ऐकायच्या केबिनमध्ये उभं राहून, पैसे नसताना, फुकट ऐकलेलं. त्या दिवशी पैसे होते. तासभर फिरलो आणि काहीच घेतलं नाही, कारण हातात घेतलेलं सगळं माझ्याकडे होतं. बाहेर आलो तेव्हा काटा आला होता. कुठलंच गाणं चालू नसताना. आता ती आठवण होती की आणखी काही ते डेसिबलनी मशीन लावून सांगावं.

पाऊण मात्रा
दादा, याला माघार म्हणतात.

उलटी कॅसेट
याला माझाच मुद्दा सिद्ध होणं म्हणतात. पण असो. पोरा, एक लिंक टाक. एकच. शिव्या चालतील, पण तीन मिनिटांच्या आत संपायला हवं, मला बीपीची गोळी घ्यायचीय.

खटक्यावर बोट
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. हेडफोन लावून ऐका, आणि २० सेकंदांवर थांबू नका. (हे मी सांगतोय!) काकू, तुम्ही त्या मिनिटभराच्या आवर्तनाचं काही पाठवा. झोप लागली तर तुमची जबाबदारी.

पाऊण मात्रा
पाठवते. मांडी मात्र स्वतःची शोध.

डेसिबल
अमेरिकेतल्या २०१३च्या एका अभ्यासात विशीतल्या मुलांना आईबापांच्या तरुणपणची गाणीही जवळची निघाली होती. घरात वाजत असतात म्हणून. तेव्हा खटक्या, पुढे तुझ्या मुलांसाठी घरात ती २०-२० सेकंदंच वाजणार आहेत.

खटक्यावर बोट
हे जरा लागलं.

उलटी कॅसेट
ऐकलं. दोनदा. दुसऱ्यांदा का, ते विचारू नये. ४०ची ४१ होणार नाहीयेत.

तिसरी घंटा
तुमचं मिटलं ते छान. आमचं राहिलंय. उद्या मी आहेच ७.१२ला. अभंग म्हणा, टाळ वाजवा, पत्रा नको.

सात-बाराची बदलापूर
मृदंगवाले गावी गेलेत शिमग्याला. पत्रा नाही तर ठेका कशावर धरायचा?

तिसरी घंटा
मिस्टर उभेच असतात. त्यांच्या जेवणाच्या डब्यावर धरा, स्टीलचा आहे. बसायला जागा द्या आणि मग.