नानाकाकांचं ऑपरेशन पाच आठवडे पुढे

ऋता: सगळ्यांना इथेच सांगते, एकेकाला फोन करायचं त्राण नाही. बाबांचं ऑपरेशन उद्या नाही. पाच आठवडे पुढे गेलंय.

माईआत्या: अगं बाई! आतड्याचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आता लिव्हरमध्ये गाठी. आणि हे लोक थांबा म्हणतात? गाठी थांबणार आहेत का?

शिरीष: आणि लिव्हर परत वाढतं ना? मग टाका की काढून. परवाच फॉरवर्ड आलं होतं, ३० दिवसांत नवं कोरं लिव्हर.

मेधाताई: शिऱ्या, ते आधी डिलीट कर. आयसीयूतली ड्यूटी आत्ता संपलीय, पाय वर करून बसते आणि लिहिते.

मेधाताई: कापलेला भाग परत उगवत नाही. पालीचं शेपूट नव्हे ते. उजवा भाग काढला तर उजवीकडे नवा कोंब फुटत नाही. डावीकडे जे उरलंय तेच वाढतं, त्यातल्या पेशी दुणावतात. वजन पहिल्याच्या जवळ जातं, आकार मात्र वेगळाच होतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वाढ झपाट्याने होते, मग सावकाश काही महिने.

ऋता: डॉक्टरांनी कागदावर लिव्हरचे ८ भाग काढून दाखवले. ५ ते ८ काढणार म्हणाले.

मेधाताई: म्हणजे अख्खी उजवी बाजू. ही आठ भागांची मांडणी कुइनो या फ्रेंच सर्जननी १९५० च्या दशकात केली. प्रत्येक भागाला स्वतःची रक्तवाहिनी आणि पित्तनलिका, म्हणून एक काढला तरी शेजारचा जगतो. स्कॅनच्या रिपोर्टात उरणाऱ्या लिव्हरची टक्केवारी असेल. ती टाक.

ऋता: २२ टक्के.

मेधाताई: हं. आलं लक्षात. सगळे विचारतात किती काढणार. विचारायचं ते हे, की किती उरणार आणि उरलेलं कसं आहे. निरोगी लिव्हर असेल तर २०-२५ टक्क्यांवर माणूस निभावतो. केमो झालेली असेल तर ३० च्या आसपास लागतं, सिरॉसिस, म्हणजे वण पडून कडक झालेलं लिव्हर, असेल तर ४०. काकांची केमो झालीय, ते लिव्हर दमलेलं आहे.

शिरीष: पण कमी उरलं तर ते जास्त वाढेल ना?

मेधाताई: इथेच तर मेख आहे. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं, त्यातला तीन-चतुर्थांश हिस्सा आतड्यांकडून पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या रक्तवाहिनीतून येतो. लिव्हर कापलं म्हणून आतड्यांकडून येणारं रक्त कमी होत नाही. ते सगळं उरलेल्या तुकड्यात घुसतं. तो रेटा म्हणजेच वाढायचा एक निरोप. पण तुकडा फारच लहान असेल तर वाढायच्या आधीच गुदमरतो. कावीळ, पोटात पाणी, रक्त गोठेना. असा एक पेशंट मी सांभाळलाय. त्यावर जास्त लिहीत नाही.

माईआत्या: मग पाच आठवडे करणार काय?

मेधाताई: पोट न उघडता, कातडीतून सुई घालून उजवीकडची पोर्टल व्हेन आतून बुजवतील. रक्त डावीकडे वळतं आणि डावी बाजू आत्तापासूनच वाढायला लागते. उजवी अजून जागेवर असते, त्यामुळे काम अडत नाही. मला विचाराल तर सर्जरीतल्या सगळ्यात हुशार युक्त्यांपैकी ही एक. जपानमध्ये माकुउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात रुळवली.

मेधाताई: आत्या, गाठींचं तू बरोबर विचारलंस. त्या मधल्या काळात वाढू शकतात, म्हणूनच फार थांबत नाहीत, ४ ते ६ आठवड्यांत परत स्कॅन. आणि डावी बाजू वाढतच नसेल, तर ते टेबलावर घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

नानाकाका: मी या ग्रुपमध्ये आहे. माझं काळीज २२ टक्के असल्याची बातमी इथे वाचून आनंद झाला.

मेधाताई: काका 🙈 पण काळीज म्हणजे मुळात लिव्हरच हो. हृदयाने नाव बळकावलं.

*पाच आठवड्यांनंतर*

ऋता: स्कॅन आला. ३२ टक्के!! गाठी आहेत तेवढ्याच. सोमवारी ऑपरेशन.

माईआत्या: 🙏🙏🙏

ऋता: (सोमवार, रात्री) झालं. सहा तास. पित्ताशयही काढलं. मध्येमध्ये रक्तपुरवठा चिमट्याने बंद करत होते म्हणे, १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू.

मेधाताई: प्रिंगल या सर्जनची पद्धत, १९०८ ची. अजून तीच वापरतात. पित्ताशय उजव्या बाजूलाच चिकटलेलं असतं, त्याचा मुक्काम तिथेच संपतो. ते मात्र परत वाढत नाही हं, शिऱ्या.

ऋता: (बुधवार) मेधाताई, रक्तातला फॉस्फरस एकदम खाली आलाय. रिपोर्टवर लाल बाण. मला धडधडतंय.

मेधाताई: येतोच. लिव्हरचा मोठा भाग काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो उतरतो, सलाइनमधून भरून काढतात. उतरला नाही तर मीच भुवया चढवते. तू बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) बघ, आधी चढतील, पाचव्या दिवसापर्यंत उतरायला लागलेले हवेत. ड्रेनच्या, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीच्या, पिशवीत काय रंग आहे?

ऋता: फिकट लालसर पाणी.

मेधाताई: ठीक. हिरवट-पिवळं दिसलं तर लगेच सिस्टरना दाखव, पित्त गळत असू शकतं. आणि दुखतंय म्हणून घरची कुठलीही गोळी किंवा कुणी पाठवलेला काढा नको. आत्या, हे तुला.

माईआत्या: मी कुठे काय म्हटलं?

*तीन महिन्यांनंतर*

नानाकाका: रिपोर्ट आला. लिव्हर पहिल्याच्या ८० टक्के. नवीन गाठ नाही. खाली लिहिलंय, डावा लोब वाढून उजवीकडे सरकला आहे. यावर कुणी राजकारण केलं तर ग्रुपमधून काढून टाकीन.

शिरीष: काढलेला भाग परत उगवत नाही, काका. मेधाताईने सांगितलंय.