कनेक्शन अडकलं की आधी दोन्ही टोकांना ट्रेस, मगच रीस्टार्ट

रात्रपाळीवाली

बरीच वर्षं ओरॅकल हा डेटाबेस सांभाळते आहे. त्यातून एक मत पक्कं झालंय, ते इथे मांडते. पटलं नाही तर जरूर खोडा.

डेटाबेसचं कनेक्शन अडकल्याची तक्रार आली की ॲप्लिकेशनच्या टोकाला आणि डेटाबेसच्या टोकाला, दोन्हीकडे एकाच वेळी टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी-येणारी पॅकेट टिपून ठेवणारा ट्रेस, लावल्याशिवाय कुणीही काहीही रीस्टार्ट करू नये.

हे मत कुठून आलं ते सांगते. एका सहकारी बँकेचं काम होतं. रोज सकाळी शाखा उघडली की पहिला व्यवहार अडकायचा. साधारण पंधरा मिनिटं स्क्रीन जागची हलायची नाही, मग एरर यायची. पुन्हा लॉगिन केलं की दिवसभर काही त्रास नाही. काउंटरसमोर रांग लागलेली, पेन्शनवाली म्हातारी माणसं उभी, आणि आम्ही ब्रिज कॉलवर (सगळ्या टीम एकत्र असलेल्या फोनवर) एकमेकांकडे बोट दाखवतोय. नेटवर्कवाले म्हणायचे, टीएनएसपिंग (डेटाबेसच्या दारापर्यंत पोचता येतं का ही चाचणी) ओके येतंय. ॲपवाले म्हणायचे, डेटाबेस स्लो आहे. मी बघायचे तर माझ्याकडचं सेशन निवांत, क्लायंटकडून काही येण्याची वाट बघत बसलेलं. मग कुणीतरी ॲप सर्व्हर रीस्टार्ट करायचं, कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) नवा व्हायचा, आणि पुरावा त्याच क्षणी नाहीसा व्हायचा. असे तीन आठवडे गेले.

शेवटी दोन्हीकडे ट्रेस लावला. ॲपच्या बाजूला तेच पॅकेट पुन्हापुन्हा बाहेर पडताना दिसलं, दर खेपेला मधलं अंतर जवळपास दुप्पट. डेटाबेसच्या बाजूला त्यातलं एकही पोचलेलं नव्हतं. मधल्या फायरवॉलमध्ये तासभर शांत राहिलेलं कनेक्शन विसरून जाण्याची सेटिंग होती. लिनक्सचा कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारी सोय) चालू असला तरी पहिली हाक देतो ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. तोवर फायरवॉल सगळं विसरलेली असते, आणि ती नकार न कळवता पॅकेट गिळते. ती पंधरा मिनिटंसुद्धा तिथलीच. लिनक्स उत्तर न आलेलं पॅकेट डीफॉल्टने १५ वेळा पुन्हा पाठवतं, त्याला सुमारे ९२४ सेकंद लागतात. डेटाबेस सर्व्हरच्या एसक्यूएलनेट फाइलमध्ये (ओरॅकलच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये) एक्स्पायर टाइम, म्हणजे डेटाबेसने शांत कनेक्शनवर किती वेळाने चौकशीचं पॅकेट पाठवायचं ते, १० मिनिटं ठेवला आणि दुसऱ्या सकाळपासून त्रास थांबला.

तीन आठवड्यांचा वाद वीस मिनिटांच्या ट्रेसने मिटला.

जुना लिसनर

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. ट्रेस हे शेवटचं हत्यार आहे.

ओरॅकलच्या बहुतेक एरर स्वतःच बोलतात. १२५४१ म्हणजे त्या पोर्टवर लिसनरच (नवी कनेक्शनं स्वीकारणारा ओरॅकलचा दारवान) नाही. १२५१४ म्हणजे लिसनर आहे, पण मागितलेली सर्व्हिस त्याला माहीत नाही. १२१५४ म्हणजे नावाचा पत्ताच लागला नाही, पॅकेट घराबाहेर पडलेलंच नसतं, तिथे टीसीपीडंप काय पकडणार? आमच्याकडे नवी पोरं येतात ती लिसनर लॉग न उघडता थेट वायरशार्क (पकडलेली पॅकेट दाखवणारं टूल) उघडून बसतात. तासभर रंगीत ओळी बघतात, आणि उत्तर लिसनरच्या स्टेटसमध्ये पहिल्या पानावर लिहिलेलं असतं.

दुसरं, ट्रेसची किंमत तुम्ही धरलीच नाही. मी स्वतः भोगलंय. एका ठिकाणी कुणीतरी सर्व्हरच्या बाजूला ओरॅकलचा नेट ट्रेस लेव्हल १६ वर, म्हणजे सर्वांत तपशीलवार, लावला आणि काढायला विसरला. ट्रेसच्या फाइली आर्काइव्ह लॉगच्याच (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींच्या प्रतींच्या) डिस्कवर पडत होत्या. पहाटे डिस्क भरली, त्या प्रती लिहिणारा आर्काइव्हर अडला आणि अख्खा डेटाबेस थांबला. मूळ तक्रार एका रिपोर्टची होती.

आणि तुमच्या केसमध्ये ‘रोज सकाळी, पहिलाच व्यवहार, रात्रभर शांत’ एवढं ऐकल्यावर पहिला प्रश्न फायरवॉलच्या आयडल टाइमआउटचा विचारायला हवा होता. तो पहिल्याच दिवशी विचारता आला असता.

रात्रपाळीवाली

विचारला होता. ‘आमच्याकडे असं काही नाही’ असं उत्तर मिळालं होतं. माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. माणूस नाही म्हणू शकतो, पण दोन्ही टोकांच्या फाइली शेजारी ठेवल्या की नाही म्हणायला जागा राहत नाही.

लेव्हल १६ बद्दल मान्य. मी टीसीपीडंप म्हणते आहे, ओरॅकलचा आतला ट्रेस नाही. तो आतला ट्रेस पुष्कळदा लागतही नाही. जावाचा थिन ड्रायव्हर (ओरॅकल क्लायंटशिवाय थेट जोडणारा प्रोग्राम) असेल तर क्लायंटच्या एसक्यूएलनेट फाइलमधल्या ट्रेस सेटिंगकडे तो बघत नाही. आणि ओरॅकल ११जी पासून एडीआर (ट्रेस-लॉग ठेवण्याची ओरॅकलची स्वतःची ठरलेली जागा) बंद केल्याशिवाय तुम्ही दिलेल्या डिरेक्टरीत फाइल पडत नाही. लोक रिकामी डिरेक्टरी बघून ‘ट्रेसमध्ये काहीच आलं नाही’ असं टिकिटात लिहून मोकळे होतात.

केबल ते कोअर

मी नेटवर्कच्या बाजूचा. दोन्ही टोकांना ट्रेस हवाच, यावर मी ताईंबरोबर. पण तो नीट लावणारे कमी. आरएसी (अनेक सर्व्हरांवर मिळून चालणारा एकच डेटाबेस) असेल तर कनेक्शनची विनंती आधी स्कॅनच्या, म्हणजे सामायिक, पत्त्यावर जाते आणि तिथून एका नोडच्या (सर्व्हरच्या) व्हीआयपीकडे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पत्त्याकडे, वळवली जाते. स्कॅनच्या आयपीवर फिल्टर लावलात तर खरं संभाषण सुटून जातं. दुसरं, काही फायरवॉल टीसीपीचे सीक्वेन्स नंबर (डेटाचा क्रम सांगणारे आकडे) बदलतात, सिस्कोची एएसए तर डीफॉल्टनेच. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत म्हणून ‘ही वेगळी कनेक्शनं आहेत’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिलाय. मध्ये नॅट (वाटेत पत्ता आणि पोर्ट बदलणं) नसेल तर क्लायंटच्या पोर्टवरून जुळवा. दोन्ही सर्व्हरची घड्याळंही आधी तपासा.

खातेदाराची बाजू

या चर्चेत खातेदार कुठेच नाही, म्हणून लिहितेय. कनेक्शन एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर १५२१ पोर्टवरच्या कॅप्चरमध्ये क्वेरी, नावं, खाते क्रमांक, शिल्लक, सगळं वाचता येतं. ती फाइल मग कुणाच्या तरी लॅपटॉपवर जाते, तिथून व्हेंडरच्या मेलवर. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पेन्शनरांची तुम्हाला काळजी वाटते त्यांचीच माहिती आपण वाटत सुटतो. ट्रेस आधी असा सरसकट नियम केला तर हे रोज घडेल. माझा विरोध आहे.

रात्रपाळीवाली

हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. मी प्रत्येक पॅकेटचे पहिले ८० बाइटच घेते. इथरनेट, आयपी आणि टीसीपीचे हेडर टाइमस्टॅम्पसह ६६ बाइटांत बसतात, पुढे टीएनएसचा (ओरॅकलच्या नेटवर्क भाषेचा) ८ बाइटांचा. क्वेरी त्यात येत नाही. पॅकेट पोचलं की हरवलं हे कळायला तेवढं पुरतं. शिवाय १०० एमबीच्या १० फाइली आलटून पालटून, म्हणजे डिस्कही भरत नाही.

जुना लिसनर

८० बाइटवाली पद्धत चांगली आहे, मीही वापरेन. क्रमाबद्दल मात्र माझं मत तेच. अडकलेलं असतानाच ॲप सर्व्हरवर ‘एसएस’ ही उघडी कनेक्शनं दाखवणारी कमांड टायमरच्या पर्यायासह चालवा. सेंड-क्यूमध्ये (पोचपावती न मिळालेल्या डेटाच्या रांगेत) बाइट साचलेले आणि टायमरपुढे पुनर्प्रयत्नांचा आकडा वाढताना तिथेच दिसतो. पाच सेकंदांचं काम, कुणाचा डेटा पकडायला नको, रूट परवानगीसाठी तासभर थांबायला नको. तुमच्या त्या पहिल्या सकाळीच कळलं असतं की डेटाबेस स्लो नाही, पोचपावतीच येत नाहीये.

रात्रपाळीवाली

पोचपावती येत नाही एवढं कळलं असतं. पण पॅकेट जाताना हरवलं की पावती येताना हरवली, ते एका टोकावरून दिसत नाही. आणि ब्रिज कॉलवर भांडण नेमकं त्यावरच होतं. तरी एसएस आधी चालवायला माझी हरकत नाही. त्याचा आउटपुट टिकिटात चिकटवेपर्यंत रीस्टार्टला हात लावू देणार नाही.