जनगणना होते फेब्रुवारीत
गावाची लोकसंख्या घटली म्हणजे लोक कायमचे शहरात गेले, असं म्हटलं जातं. हे म्हणणं कोकणातल्या गावांना बरंचसं लागू पडेल. बीडच्या ऊसतोड गावांना, म्हणजे जिथली माणसं हंगामात ऊस तोडायला बाहेर जातात आणि नंतर परततात त्या गावांना मात्र नाही. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता त्याची नोंद तो जिथे असेल तिथे करायची, असा नियम होता. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा ऐन गाळप हंगाम! नवरा-बायकोची जोडी दूर उसाच्या फडात, गावात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं.

त्यामुळे अशा गावाचा आकडा वाचताना हंगाम आधी बघावा. पाण्यासारख्या सोयींचं नियोजन बरंचसं याच आकड्यांवर होतं आणि पावसाळ्यात परतलेल्या माणसांना ते पुरत नाही, हे फार अन्यायाचं आहे.