मदत हवी आहे: 'आमचा कितवा?' या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. सध्या तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती वाचतेय आणि एका जागी अडकलेय.

त्यांचं म्हणणं असं, की मुलांची एकमेकांशी तुलना केली की भीती येते, आणि भ्यालेलं मन शिकू शकत नाही. हा माणूस नुसता बोलून थांबला नाही. त्यांना जगद्गुरू मानून उभारलेला ऑर्डर ऑफ द स्टार हा संघ त्यांनी स्वतःच १९२९ साली हॉलंडमध्ये विसर्जित केला. माणूस आतून बदलल्याशिवाय समाज बदलत नाही, हे शेवटपर्यंत लावून धरलं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. घरी कोंकणी बोलते. फळ्याजवळ बोलावलं की खडू इतका घट्ट धरते, की तो घामाने ओला होतो. उत्तर बरोबर असलं तरी शेजारणीची वही बघून खोडते. परवा खोडून खोडून कागदच फाटला. मी ओरडत नाही, छडी तर नाहीच. पण दर चाचणीनंतर नंबर वाचून दाखवायचे ते मीच.

ते आता बंद केलंय. पालक मात्र विचारतात, 'बाई, आमचा कितवा?' चतुर्थीच्या सुट्टीनंतर पालकसभा आहे.

कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणाऱ्या शाळांत, म्हणजे आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत किंवा राजगुरुनगरजवळच्या सह्याद्री स्कूलमध्ये, कोणी शिकवलंय का, शिकलंय का? नंबर न सांगता मुलाची प्रगती घरी कशी कळवतात? एखादा प्रगतिपत्रकाचा नमुना, निदान दोन-चार वाक्यं तरी सांगा.