पुरुषांनी एकत्र गायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

खर्जातला

नोकरी संपली आणि सहा महिन्यांत कळलं की मला मित्र नव्हतेच, सहकारी होते. कामाचे विषय संपले तसे फोनही थांबले. मग एका परिचिताने जवळजवळ ओढतच पुरुषांच्या गानवृंदात नेलं. त्याला आता तीन वर्षं झाली. दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास आम्ही वीस-बावीस जण अर्धगोलात उभे राहून गातो. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाने हे करून बघावं असं माझं ठाम मत आहे.

समोर बसवून "कसा आहेस?" विचारलं की आपण "मजेत" म्हणतो आणि विषय मिटवतो. गाताना कुणी काही विचारत नाही, पण शेजाऱ्याचा श्वास मात्र ऐकावाच लागतो. लांब सूर धरायचा असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घेऊन चालत नाही, सूर तुटतो. शेजारचा गातोय तेवढ्यात आपण हळूच श्वास घ्यायचा, तो घेईल तेव्हा आपण सूर धरून ठेवायचा.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाचा भाऊ गेला. दोन आठवड्यांनी तो तालमीला आला, गप्पच होता. दुसऱ्या ओळीत त्याचा आवाज गेला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी आवाज जरासा वाढवला आणि ओळ पुढे नेली. पुढच्या कडव्याला तो पुन्हा आमच्यात आला. नंतर खुर्च्या रचताना त्याने मला भावाबद्दल सांगितलं. चांगली वीस मिनिटं बोलला.

याला अभ्यासाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली गाण्याच्या वर्गांची तुलना हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी केली. गाणाऱ्यांची आपसातली जवळीक सगळ्यात लवकर वाढली.

स्पष्टच_बोलते

तो अभ्यास पूर्ण सांगा ना. सात महिन्यांनी बाकीच्या वर्गांतली माणसंही एकमेकांच्या तितकीच जवळ आली होती. म्हणजे गाण्याने ओळख लवकर होते, एवढंच. सुतारकाम करा, झाडं लावा, नियमित भेटत राहिलात तर तेच होईल.

आणि घरातलं सांगते. माझा नवरा चार वर्षं अशाच एका गटात जातो. तिथून येतो तेव्हा चेहरा खुललेला असतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या छातीत दुखत होतं हे मला त्याच्या गटातल्या माणसाकडून कळलं. तिथे मन हलकं झालं की घरी बोलायची गरजच उरत नाही. तुम्ही ज्याला आधार म्हणता, ती मला न बोलण्याची आणखी एक सोय वाटते.

आवाज_शिक्षिका

मला यात वेगळं काही दिसतं. वयात येताना मुलाच्या स्वरतंतूंची लांबी वाढते आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात सूर हातात राहत नाही. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, "तू नको गाऊस, नुसते ओठ हलव." पन्नाशीचे पुरुष माझ्याकडे येतात आणि ते एक वाक्य शब्दशः सांगतात. त्यांचा गळा चांगला असतो, फक्त पट्टी चुकीची धरलेली असते. पुरुषांच्या वृंदात सगळेच खालच्या पट्टीत गातात, त्यामुळे तिथे त्यांना स्वतःचा आवाज पहिल्यांदा सापडतो. म्हणून निदान सुरुवातीला तरी फक्त पुरुषांचा गट असावा, असं माझं मत आहे.

उलट_बाजू

सूर जुळले म्हणजे मनं चांगली झाली, हे गृहीत का धरायचं? पुरुषांना एकत्र गायला लावण्यात सैन्यं सर्वात तरबेज. एका तालात चालवायचं, एका सुरात गाववायचं, की माणूस स्वतःचा विचार बाजूला ठेवतो. जो गटाबाहेर, तो परका. जवळीक वाढते हे मान्य, पण ती कशासाठी वापरली जाते ते बघायला हवं.

खर्जातला

बरोबर, म्हणून काय गातो आणि कोण गाववतं हे महत्त्वाचं. पण दुसरी उदाहरणंही आहेतच की. दक्षिण आफ्रिकेत खाणी-कारखान्यांत कामाला आलेले झुलू मजूर घरापासून लांब पुरुषांच्या वसतिगृहांत राहायचे. तिथे इसिकाथामिया ही गायकी वाढली. वाद्य नाही, नुसते आवाज आणि हलकी पावलं. एस्टोनियात १८६९ साली टार्टूला पहिला गानमहोत्सव झाला, त्यात गाणारे सगळे पुरुष होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच परंपरेतून लोक हजारोंनी जमून गायले आणि १९९१ साली देश सोव्हिएत संघापासून पुन्हा स्वतंत्र झाला. त्यांनी स्वतःचा विचार बाजूला ठेवला होता असं मला वाटत नाही.

दवाखान्यातून

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. गाताना उच्छ्वास लांबतो, हृदयाची गती त्या लयीत वर-खाली होते आणि एकत्र गाणाऱ्यांमध्ये ती बरोबरीने बदलते. बरं वाटतं ते खरंच असतं. पण जगभरात पुरुषांमधलं आत्महत्येचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. ज्याला झोप नाही, जगण्यात रस नाही, त्याला "गायला ये, बरं वाटेल" एवढ्यावर सोडू नका. गायलाही न्या आणि डॉक्टरकडेही न्या.

शिवाय बंद खोलीत जोरात गाणं म्हणजे हवेत भरपूर सूक्ष्म थेंब. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गानवृंदाच्या अडीच तासांच्या तालमीला ६१ जण होते. त्यातल्या ५३ जणांना कोविड झाल्याचं निष्पन्न झालं किंवा तसा दाट संशय होता, आणि दोघे दगावले. खिडक्या उघडा, सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा.

खर्जातला

डॉक्टर, खिडक्यांचं येत्या मंगळवारीच बघतो.

स्पष्टच_बोलते, तुमचं छातीत दुखण्याचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्यातल्या त्या माणसाने भावाबद्दल मला सांगितलं, पण घरी सांगितलं का, हे मी त्याला विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. तरी मी गटच सोडा असं म्हणणार नाही. जो वीस मिनिटं माझ्याशी बोलला, तो आधी कुणाशीच बोलत नव्हता.

स्पष्टच_बोलते

सोडा असं मीही म्हणत नाही. त्याला पुन्हा घरात कोंडून मला काय मिळणार? पण चार वर्षांत त्याने तिथलं एकही गाणं मला म्हणून दाखवलेलं नाही. एकदा दार लोटून घेऊन तो आपला खालचा सूर घोटत होता. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. चाहूल लागली तसा थांबला.